हात जोडणारी मुळी

कोरगावच्या देवळाच्या मंडपात त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. चौरंगावर पितळेचं घंगाळ, घंगाळात कोमट पाणी, आणि मागे भगव्या कफनीतले जोडहातबाबा. त्यांनी मूठ उघडली. तळव्यावर बोटाएवढी काळपट, सुरकुतलेली वस्तू होती. दोन इवले पंजे नमस्कारासाठी जुळावेत तशी.

"ही हिमालयातली हाथाजोडी मुळी! शंभर वर्षांतून एकदा उगवते, आणि पाप्याला दिसतसुद्धा नाही!" बाबा गरजले. "आता बघा, देवी हात उघडील!"

सगळ्यांनाच दिसली. स्वतःला पापी म्हणवून घ्यायला कोण तयार होणार?

मुळी पाण्यात पडली. मग बाबा डोळे मिटून चांगला अर्धा तास पुटपुटत बसले. डोळे उघडले तेव्हा ते पंजे फुगून एकमेकांपासून सुटले होते. एकच गलका झाला! मातीच्या मडक्याला कातडं ताणून केलेलं घुमट वाजवणाऱ्या विठूने आनंदात अशी थाप हाणली की पुढच्या दोन म्हाताऱ्या दचकल्या.

मी सगुण मास्तर. छत्तीस वर्षं शाळेत पोरांना 'का?' विचारायला शिकवलं. माझी बायको कमलाक्षी मात्र पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती, उजवा पाय पुढे पसरून. मधुमेहामुळे तिच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, इन्शुलिनची सुई चुकवलीत तर अंगठा जाईल आणि मागोमाग पाऊल.

बाबांचा उपाय सोपा. मुळी देव्हाऱ्यात ठेवायची, शेंदूर फासायचा, रोज सकाळी ती बुडवलेलं पाणी प्यायचं. सुई बंद, नाहीतर देवी हात मिटून घेईल. आणि एकवीस दिवस कडक शिवराक, घरात मासळीचा विटाळ नको.

अहो, आमच्या पेडणे तालुक्यातला माणूस सोमवारी शिवराक पाळतो तो मंगळवारच्या बांगड्याच्या भरवशावर! पण गुण येईल म्हणून सत्तावीस घरांनी मुळ्या नेल्या. मासळीवाली मालती आमच्या वाड्यावरून मुकाट जाऊ लागली.

आमच्या घरात कमलाक्षीहून मोठा भक्त निघाला तो मांजर. देव्हाऱ्यापुढे तासन्‌तास बसायचं, जिभल्या चाटत.

"बघा, मुक्या जनावराक कळता," कमलाक्षी म्हणाली. "तुमकाच कळत नाय."

"मग ता तुळशीपुढे कित्याक बसत नाय?" मी विचारलं. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

नवव्या दिवशी माझी भाची गौरवी आली. ती प्रयोगशाळेत बेडूक, पाली, साप यांच्या जाती ओळखण्याचं काम करते. तिने देव्हाऱ्याकडे बघितलं, मग मांजराकडे बघितलं.

"मामी, ह्येचो नखाएवढो तुकडो माका दी."

"घे. तुझी यंत्रा सुद्धा नमस्कार करतली!"

"आणि मुळी नसली तर?"

"तर तुझ्या हातान सुई घेतंय."

"रिपोर्ट येईसर तरी घे गो!"

"नाय म्हणजे नाय."

तुकडा घेऊन निघताना गौरवीने मला समजावलं. दुकानात साबणाच्या वेष्टनावर काळ्या रेघा असतात, यंत्र त्या वाचून साबणाचं नाव सांगतं. तसा प्रत्येक प्राण्याच्या पेशीत डीएनएचा एक ठरावीक लहान भाग असतो, चार अक्षरांत लिहिलेला. जात बदलली की अक्षरांचा क्रम बदलतो. तो वाचायचा आणि ओळखीच्या जातींशी ताडून बघायचा. प्राणी सुकला, तुकडे झाले, तरी बहुतेकदा जात कळते.

"शेंदूर फासलेलो आसलो तरी?"

"शेंदूर पुसतलंय, मामा."

पुढचे दिवस मला आठवायलाही नकोत. अंगठा काळा पडू लागला, साखर चारशेवर गेली. मी सुई घेऊन जवळ गेलो की ती तोंड फिरवायची. "दोनच दिवस रवलेत," ती एकोणिसाव्या दिवशी म्हणाली. तिची जीभ कोरडी पडली होती. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शहाणं केलं, आणि घरात माझं कोणी ऐकत नव्हतं. मला रडू आलं.

तशाही अवस्थेत तिला मंडपात जायचंच होतं. मी आधार देऊन नेलं. बाबा नव्या गिऱ्हाइकांपुढे देवीचे हात उघडत होते, तेवढ्यात गौरवी कागद घेऊन आत आली.

"बायांनो, सुकी सुंगटा पाण्यात घातल्यार फुगतत काय नाय?"

"फुगतत," घरोघर सुकी कोळंबी भिजवणाऱ्या बायका म्हणाल्या.

"तसाच ह्या. सुकवलेला मांस पाणी पिता आणि फुगता. मी आधी वनस्पती म्हणून तपासला, काय मिळाला नाय. प्राणी म्हणून तपासला, तेव्हा जात मिळाली. घोरपड!"

"घोरपडीचे हात?" विठूने विचारलं.

"हात नाय. नराचो अवयव."

"कसलो अवयव?" कमलाक्षीने विचारलं.

गौरवीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"मामी, ज्येच्यामुळे तो नर, तोच. घोरपडीक तो जोडीन आसता."

मग मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि पुढच्या रांगेतल्या बायका एकदम थुंकायला बाहेर धावल्या.

"म्हणजे आमी मासळी सोडून शिवराक रवलांव," एक म्हातारी किंचाळली, "आणि रोज सकाळी ह्येचा पाणी पिलांव?"

विठू घुमट उंचावून उभा राहिला. "कायद्यान बंदी इली म्हणान मी ह्येची घोरपडीची कातडी काढून बोकडाची लायलंय. बापजाद्यांचो नाद गेलो, तरी सोसलंय. आणि तू तिका मारून तिचा भलताच काय ता आमच्या देव्हाऱ्यात बसयतंस?"

"हिमालयातली घोरपड अत्यंत पवित्र..." बोलता बोलता बाबांनी जीभ चावली. पण शब्द सुटला होता.

"हिमालय कित्याक? ही जात आपल्या काजीच्या बागेतय मेळता," गौरवी म्हणाली. दाराशी वनखात्याची माणसं उभी होती. तिनेच बोलावली होती. बाबांच्या झोळीत आणखी चाळीस जोड्या निघाल्या, म्हणजे चाळीस घोरपडी मेलेल्या.

कमलाक्षी थुंकली नाही, हसलीही नाही. तिने गौरवीचा हात धरला. "सुई हाडलंस?"

सुई पिशवीत, बर्फात तयारच होती. मंडपातच टोचली आणि तिथून थेट इस्पितळ गाठलं. अंगठ्याचं टोक गेलं, पाऊल वाचलं. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर, ते बोलायचं धाडस मला आजही होत नाही.

ती घरी आली त्या मंगळवारी मालतीने दारात पाटी उतरवली. पायाला पट्टी बांधलेली कमलाक्षी ओट्यावर बसून एकेक बांगडा उचलत होती, कल्ले उघडून लाल आहेत का बघत होती. मधेच थांबली.

"बांगडो मी कल्लो बघितल्याशिवाय घेवक नाय कधी," ती म्हणाली. "आणि अंगठो त्या बाबाक न बघता दिलंय."

पहिल्या बांगड्याचं डोकं तिने मांजराला घातलं. रिपोर्ट न वाचता बरोबर ओळखणारं तेच एक. आपल्याला मांजराचं नाक नाही, पण प्रश्न विचारायला जीभ आहे. बाबा पुढ्यात काही ठेवील तेव्हा हात जोडायच्या आधी त्याचाही कल्ला उघडून बघा.