टाकीतलं पाणी

इस्त्री घ्यायला मीही येते, असं सासूबाई म्हणाल्या तेव्हाच माझं डोकं उठलं. आमच्या घरात साधी बादलीसुद्धा सासूबाईंच्या, म्हणजे स्तामेनाबाईंच्या, पसंतीशिवाय येत नाही. पण ही बादली नव्हती, माझ्या नवऱ्याच्या जिवाची गोष्ट होती. तिहोमीर रक्ताच्या कॅन्सरवरची औषधं सोसून इस्पितळातून घरी येणार होता आणि डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून बजावलं होतं की त्याच्या अंगात आता साध्या सर्दीशी झगडायचीही ताकद नाही. चादर, अभ्रा, गंजी, जे त्याच्या अंगाला लागेल ते रोज धुतलेलं आणि दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री केलेलं हवं. पाणी उकळलेलं. पाहुणे नकोत, मांजर नको, कच्चा पाला नको. आमची जुनी इस्त्री एका चादरीला निम्मी सकाळ खायची, वर गळायची.

आमच्या झायेचार गावच्या बाजारातल्या त्या दुकानात बोबान नावाच्या विक्रेत्याने वाफेच्या दोन इस्त्र्या काढून ठेवल्या. दोन्हींना खाली पाण्याचा मोठा डबा, वर नळीने जोडलेली हलकी इस्त्री. एकीचं पाणी बंद बॉयलरात. वाफ जोरकस, पण पाणी संपलं की गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. दुसरीची टाकी ड्रॉवरसारखी बाजूने निघायची, हवं तेव्हा काढा, भरा, परत सरकवा. तो दाबाचे आकडे सांगत सुटला. मी म्हटलं, आकडे राहू देत बाबा, कापड ओलं करते का तेवढं सांग. नीट तापू दिली तर नाही करत, म्हणाला. फक्त औषधाच्या दुकानातलं शुद्ध पाणी घाला. आपल्याकडचं पाणी जड, क्षार बसले की थुंकायला लागेल.

सासूबाई ती टाकी तेवढी काढत होत्या, लावत होत्या, परत काढत होत्या. मोडाल, म्हणून मी खेकसले. शेवटी मी टाकी निघणारीच घेतली. ढिगाने चादरी करायच्या, त्यात बॉयलर गार व्हायची वाट कोण बघत बसणार?

तिहोमीर आला. बसचं स्टिअरिंग फिरवून फिरवून मनगटं ही अशी झालेला माणूस, आता मीच त्याला पायऱ्यांवरून जवळजवळ उचलून आणला. पलंगावर बसला, चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "वेरो, एवढी कडक चादर लग्नाच्या रात्रीही नव्हती गं." मी हसले, मग मोरीत जाऊन रडले.

भांडण दुसऱ्याच दिवशी झालं. आमच्याकडे जानेवारीत, ख्रिस्ताच्या स्नानाच्या सणाला, चर्चच्या आवारातल्या पिंपातून सगळे बाटल्या भरभरून तीर्थ आणतात. ते वर्षभर देवाच्या तसबिरीमागे राहतं. दुखलंखुपलं की उपाशीपोटी एक घोट. ते कधी नासत नाही, असं आम्ही सगळेच मानतो. मीही मानत आले होते. सासूबाई पेल्यात ते घेऊन आल्या आणि मी दारातच आडवी आले. उकळल्याशिवाय नाही. तीर्थ कुणी उकळतं का, म्हणाल्या. मी म्हटलं, मग नाही मिळणार. पेला त्यांच्या हातातून घेतला आणि ओतून दिला.

त्यांनी रिकामा पेला धुऊन पालथा घातला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. उलट, तू दिवसभर टपाल कचेरीत खपतेस, इस्त्री मी करीन, म्हणाल्या. मला बरंच वाटलं. हात थरथरत असूनही बाई सुरकुती ठेवत नसत.

पण थोड्याच दिवसांत अभ्र्यावर तपकिरी ठिपके दिसायला लागले. मग चादरीवर ओले डाग. इस्त्री थुंकत होती. कामावरून आले ती तडक टाकी ओढून काढली. तळाशी एक हिरवट-काळं पान चिकटलेलं होतं. नखाने सोडवून नाकाशी नेलं. सब्जा. पाद्री सब्जाची जुडी त्या पाण्यात बुडवून शिंपडतो, बायका तिच्या काड्या बाटलीत टाकून आणतात.

मी किंचाळले नाही, पण आवाज मात्र माझा मलाच ओळखू येईना.

"आई, मारायचंय का तुम्हाला त्याला?"

त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. "मी जन्म दिलाय त्याला," म्हणाल्या. "तू मला त्याच्या जवळ फिरकू देत नाहीस. तोंडाने नाही, तर कापडातून तरी अंगाला लागेल म्हटलं."

आतून तिहोमीरने हाक मारली. मला म्हणाला, "सोड तिला, वेरो. तिच्याकडे दुसरं आहे काय?"

मग ताप आला. परत इस्पितळ. फुप्फुसात बुरशी धरली होती. मी त्या पाण्याचं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे हवेतून येतं, भिंतीतून येतं, कधी माणसाच्या स्वतःच्या अंगातूनच उठतं. कशाने झालं ते कुणीच सांगू शकणार नाही. त्या पाण्याने झालं, असं मी म्हणणार नाही. झालं नाही, असंही म्हणणार नाही.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं की पाण्याने झालेलं नाही. त्या म्हणाल्या, "तू माझं मन राखतेस." अहो, इतक्या वर्षांत मी या बाईचं मन कधी राखलं होतं? एकदाही नाही. म्हणूनच तर त्यांना पटलं नाही.

तिहोमीर रविवारी गेला, घंटा वाजत होत्या तेव्हा.

त्याला कपडे घालायला शेजारचे दोघे येणार होते. घरच्यांनी घालायचे नसतात. पण सदऱ्याला इस्त्री तर मीच करणार. पांढरा, अजून घडी न मोडलेला, पुढच्या स्लाव्हाच्या, घराण्याच्या संताच्या सणाच्या, जेवणाला घालायचा म्हणून ठेवलेला. इस्त्रीचं टेबल मांडलं, टाकी काढली. कोरडी होती. औषधाच्या दुकानातल्या पाण्याची बाटली शेजारीच उभी होती. सासूबाई काळा रुमाल बांधून खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीखाली दाबून. टाकीत पान सापडलं त्या दिवसापासून त्यांनी इस्त्रीला हात लावला नव्हता, देवाच्या तसबिरीकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

मी म्हटलं, "आई, बाटली कुठे आहे?"

"ही काय, तुझ्याजवळच."

"ही नाही. तुमची."

त्या उठल्या, तसबिरीमागून बाटली आणली, आणि त्यांच्याच्याने झाकण उघडेना. मी उघडलं. सगळं ओतलं, काडीसकट. वाफ आली तशी खोलीभर सब्जाचा वास पसरला. मी बाही ओढून धरायला सांगितली, त्यांनी धरली.

सदरा सुलट झाला. मग उलटा केला आणि आतूनही कडक इस्त्री केली. दोन्ही बाजूंनी.