माझं काम घाबरण्याचं

हळूच बोलतो, कारण मी हललो की शाळा पळते.

मी एक लोखंडी नट. मुरुम गावच्या गॅरेजात ग्रीसच्या डब्यात निवांत पडून होतो. सातवीतल्या सोनालीनं विज्ञानाच्या प्रकल्पासाठी मला मागून आणलं. तिच्या गटानं मला बारीक तारेनं वर्गात टांगलं, भोवती तांब्याचं कडं बसवलं. जमीन हादरली की मी झुलून कड्याला टेकायचं, म्हणजे वीज जोडली जाऊन घंटी वाजते. सगळ्यांच्या आधी घाबरायचं, हेच माझं काम.

पहिल्याच दिवशी उसाचा ट्रॅक्टर गेला आणि मी घंटी वाजवली. पोरं मैदानात पळाली.

"सोनाली, तुझा नट लई भित्रा हाय. तुझ्यासारखाच," शंभुलिंग म्हणाला.

 वर्गात सोनालीचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता.

"बाई, असं का झालं?" पोरांनी उमादेवी बाईंना विचारलं.

"मलाही माहीत नाही रे. पुस्तकातही नाही. करून बघू."

मग पोरांनी माझ्याजवळ उड्या मारल्या, बाक ओढले, शेजारची पिठाची गिरणी सुरू असताना मला निरखलं. शेवटी मला रस्त्याकडच्या भिंतीवरून मागच्या भिंतीवर नेलं, कडं मोठं केलं. बाई स्वतः स्टुलावर चढून पकडीनं माझी तार आवळायच्या. घंटी वाजली की कसं बाहेर पडायचं, याचा सरावही झाला.

पण बाईंची खुर्ची कायम दारात; सरावापुरती तेवढी बाजूला घ्यायच्या. "इथं वारं येतं," म्हणायच्या. पंखा खडखडला की त्यांची नजर छताकडं जायची, ते मला वरून दिसायचं. पोरांनी घरोघरच्या म्हाताऱ्यांकडून त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आठवणी आणल्या, त्या दिवशी बाईंनी एकच वाक्य सांगितलं, "माझी धाकटी बहीण घरातच राहिली."

परवा दुपारी रस्ता रिकामा होता. गिरणी बंद होती. तरी मी कड्याला टेकलो. पुन्हा टेकलो. हा हादरा खालून आला होता. मला वाटलं, आता तार तुटणार.

पोरं सरावाप्रमाणं रांगेनं दाराशी आली आणि अडली. दारात खुर्ची होती. खुर्चीत बाई होत्या, चौकट घट्ट धरून, डोळे मिटून.

रांग थांबली. छताची माती माझ्यावर सांडली. कुणीतरी मागून रडायला लागलं.

सोनालीनं बाईंचा हात चौकटीवरून सोडवला. "बाई, उठा. पोरं आत हायेत." आवाज मोठा होता, स्वच्छ होता.

बाईंनी डोळे उघडले. उठल्या, खुर्ची अंगणात भिरकावली आणि शेवटचं पोर बाहेर पडेपर्यंत आतच उभ्या राहिल्या.

हादरा लहान होता. थोडा गिलावा पडला, एवढंच. दुसऱ्या दिवशी बाईंनी खुर्ची उचलून माझ्या खाली, मागच्या भिंतीपाशी ठेवली.

"बाई, हितं वारं येत न्हाय की," शंभुलिंग म्हणाला.

"नाही येत. पण दार मोकळं राहतं."

पंखा खडखडला की त्यांची नजर अजून छताकडं जाते. मीही दचकतो. उद्या पुन्हा एखाद्या ट्रॅक्टरला भिऊन मी घंटी वाजवली, तर हसा खुशाल. पण मला इथून काढू नका. खाली बाई बसल्यात.