थ्रॉटलवरचा हात

वर्कशॉपात तिला सगळे वहिनी म्हणत. पाठीमागे तोफ म्हणत, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

पण त्या दिवशी तोफ गप्प होती. तिची आणि नवऱ्याची शर्यतीची बोट दुसऱ्या बोटीच्या मागे दोरीने बांधून धक्क्याला आणावी लागली. इंजिनावरचं झाकण उघडलं तर आतल्या पट्ट्याच्या नुसत्या चिंध्या झालेल्या. या पट्ट्यावर सुपरचार्जर फिरतो. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा कोंबणारं यंत्र. हवा जास्त, पेट्रोल जास्त, की ताकद जास्त, इतकं साधं ते गणित. त्याची पुली काढून लहान पुली बसवायची, म्हणजे तो अजून जोरात फिरेल, ही कल्पना तिचीच. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे घालायचे, आत जाणारी हवा थंड करायला कूलरही मोठा घ्यायचा, हेही तिनेच ठरवलं. त्यापायी नवराबायको कित्येक महिने कोपरापर्यंत ग्रीसमध्ये होती. आणि पहिल्याच चाचणीत, तिच्याच हाताखाली, पट्टा फाटला!

अशा बोटीत दोघं बसतात. एक सुकाणू धरतो, दुसरा थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा. लाटेवरून बोट उडाली की प्रोपेलर हवेत येतो, पाण्याचा अडसर जातो आणि इंजिन पिसाटतं. तेवढ्यापुरता थ्रॉटल मागे घ्यायचा, बोट पाण्याला टेकली की पुन्हा पुढे करायचा. लग्न झाल्यापासून सुकाणू नवऱ्याकडे आणि थ्रॉटल हिच्याकडे. जिंकलेल्या कपावर नाव मात्र नवऱ्याचं एकट्याचं. यावर तिने कधी तक्रार केली नाही असं समजू नका. दर वेळी केली, चांगली मोठ्याने केली, आणि कपही दर वेळी स्वतःच पुसून कपाटात ठेवला.

"वहिनी, हे इंजिन आता तुमच्या हातचं राहिलं नाही," धाकटा दीर फाटका पट्टा बोटावर फिरवत म्हणाला. "वय कुणाला चुकलंय? या शर्यतीला दादाशेजारी मी बसतो. दांडा पुढे-मागे तर करायचा, त्यात काय एवढं!"

"भावजी, तुम्ही गाडीचा गिअर टाकता तेव्हा शेजारच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात," ती म्हणाली.

सगळे हसले. नवरा हसला नाही. तो पान्याचा डबा उगाच आवरत होता. मान वर न करताच म्हणाला, "त्याचं बरोबर आहे. तुझं वय झालं आता. तोच बसेल."

दीर काय, बोलतच असतो. तिने ते कधी मनावर घेतलं नसतं. पण हे नवरा बोलला होता, आणि चार माणसांदेखत बोलला होता. तिचं पित्त असं खवळलं की तिने हातही न पुसता तडक घर गाठलं. स्वयंपाकघरात भांड्यांची जी आदळआपट सुरू झाली ती नवरा आला तरी थांबेना.

"माझं वय झालं? आणि परवा चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधत कोण फिरत होतं?"

"अगं, विषय संपला."

"तुमचा संपला असेल!"

एवढं बोलून झालं, पण मन खाऊ लागलं. कारण चाचणीत थ्रॉटलवरचा हात उशिरा मागे आला, म्हणूनच पट्टा फाटला, हे खरं होतं. दुसऱ्या कुणाला कळलं नसेल, तिला कळलं होतं. इतकी वर्षं ती कानावर विसंबून थ्रॉटल सोडत आली होती. जुनं इंजिन हवेत गेलं की आधी जरा कण्हायचं, मग ओरडायचं. ते कण्हणं ऐकलं की तिचा हात आपोआप मागे यायचा. हे नवीन इंजिन कण्हतच नव्हतं, थेट किंकाळी फोडत होतं. कानाला कळेपर्यंत व्हायचं ते होऊन जायचं. म्हणजे हात म्हातारा झाला नव्हता, त्याला जुन्याच इंजिनाची सवय होती. सवय लावता येते तर मोडताही येईल, काय बिशाद आहे तिची!

दुसऱ्या दिवसापासून ती धक्क्यावर जाऊन बोटीत बसू लागली. इंजिन बंद, हात थ्रॉटलवर, डोळे मिटलेले. येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या बोटींच्या लाटा धक्क्याशी यायच्या आणि हिची बोट वरखाली व्हायची. बोट वर चढू लागली की सगळ्यात आधी सीट खालून रेटते, आणि माथ्यावर आली की अंग क्षणभर हलकं होतं, हे तिच्या लक्षात आलं. ते हलकं वाटलं की दांडा मागे. पुन्हा लाट, पुन्हा मागे. कमरेची कुरकुर सुरू झाली की ती कमरेलाही दोन शब्द सुनवायची.

"वहिनी, झोपाळा खेळताय का?" दीर वरून ओरडायचा.

"या की, तुम्हालाही झोका देते. थेट पलीकडच्या काठावर पडाल!"

नवरा हे सगळं वर्कशॉपाच्या दारातून बघायचा. त्याने नवा पट्टा बसवला, ताण दोनदा तपासला आणि बोटीत दिराच्या मापाचं लाइफजॅकेट आणून ठेवलं. ते बघून तिच्या डोळ्यात पाणी आलं. त्याचाही तिला रागच आला.

शर्यतीच्या सकाळी दोघं भाऊ हेल्मेट घेऊन धक्क्यावर आले, तर ही आधीच बोटीत. आपल्या सीटवर, आपलं लाइफजॅकेट घालून. इंजिनाच्या स्विचची लाल दोरी तिच्या मनगटाला गुंडाळलेली. ती दोरी स्विचला लावल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही.

"वहिनी, चेष्टा पुरे. उतरा," दीर म्हणाला.

"उतरत नाही."

"दादा, तू सांग ना वहिनींना!"

नवरा बोटीत उतरला. आजूबाजूच्या बोटींवरची माणसं माना वळवून बघत होती. तो तिच्याजवळ वाकून हळू आवाजात म्हणाला, "उतर. ऐक माझं."

"इंजिन मी बांधलं, चूक माझी झाली, ती मीच निस्तरणार. दुसऱ्याला बसवायचं असेल तर मला उचलून बाहेर ठेवा. बघू कोण हात लावतंय ते!"

 तो एकदम शेजारच्या सीटवर बसलाच. "त्या दिवशी पट्टा फाटला ना, बोट नाकावर आपटली, आणि तू सीटवरून उडालीस. मला वाटलं, गेलीस. त्या क्षणी मी सुकाणू सोडून तुला धरायला हात पुढे केला. आयुष्यात कधी सुकाणू सोडलं नव्हतं मी. मला भीती वाटते गं."

तिने मनगटावरची दोरी उगाच एकदा आवळली.

"मग तसं सांगायचं होतं," ती म्हणाली. "माझं वय कशाला काढलंत? आणि शेजारी भावजी असते तर भीती नसती वाटली?"

"त्याची काळजी त्याची बायको करेल."

"अरे दादा!" दीर वरून ओरडला.

तिने मनगटावरची दोरी सोडली आणि स्विचला लावली. इंजिनाची शिट्टी अख्ख्या धक्क्यावर घुमली, आणि दीर कानावर हात ठेवून मागे सरला.

शर्यत सुटली आणि पहिली मोठी लाट वळणाची खूण म्हणून तरंगणाऱ्या बोयाच्या अलीकडे आली. सीटने खालून रेटलं, अंग हलकं झालं, आणि इंजिन चकार शब्द काढण्याआधीच तिचा हात मागे आला. बोट हवेत गेली, प्रोपेलर मोकळा झाला, पण किंकाळी आलीच नाही. बोट अलगद टेकली. हात पुढे. हेल्मेटमधल्या स्पीकरवर नवऱ्याने रोखून धरलेला श्वास सोडल्याचं तिला ऐकू आलं. मग दुसरी लाट, तिसरी. मग तिने मोजणं सोडून दिलं.

शेवटच्या वळणाला त्यांच्या पुढे एकच बोट उरली होती. समोरचं पाणी मात्र पार उसळलेलं.

"बास गं," स्पीकरवर तो म्हणाला. "दुसरा नंबरही पुष्कळ झाला."

तिने मान वळवून पाहिलं. सुकाणूवरची त्याची बोटं पांढरीफटक पडली होती.

"भीती वाटतेय?"

"हो."

"मलाही," ती म्हणाली. "सुकाणू सोडायचं नाही."

आणि तिने दांडा पार शेवटपर्यंत पुढे ढकलला.