पितळी बुश

टाकीतला पंप खडखडायला लागला तेव्हा मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. इतके दिवस त्या टाकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पाण्यात मीठ किती, दिवे निळेच का, प्रवाळ म्हणजे दगड की झाड की जनावर, सगळंच डोक्यावरून जायचं. पण खडखडणारी मोटर मला कळते. पंखे आणि मिक्सर उघडण्यात माझा जन्म गेला. आमच्या बाजारात मला नावानं कुणी हाक मारत नाही, मोटरकाका म्हणतात.

टाकी माझ्या मुलीची, छकूची. तिला लांब परदेशात नोकरी लागली तेव्हा ती टाकी माझ्या गळ्यात मारून गेली. काच कशी पुसायची, खायला किती घालायचं, पाणी कधी बदलायचं, सगळं मला शिकवलं. आईला नाही, मला. समुद्राच्या पाण्याची टाकी ती. आत प्रवाळं, काचेवरून फिरणाऱ्या गोगलगायी, दोन नारिंगी मासे आणि ते मासे ज्याच्या कुशीत लोळतात ते समुद्रफूल. फूल म्हणतात, पण तेही जनावरच. छकूनं आणलं तेव्हा बोटाच्या पेराएवढं होतं, आता ताटलीएवढं झालंय. तिचा त्याच्यावर फार जीव.

तिचा फोन येतो तो आईला. मग मायलेकींचं तासभर चालतं: ऑफिसातली भांडणं, घरमालकीण, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं. मी पलीकडच्या खोलीत पेपर समोर धरून बसतो आणि एक ओळ वाचत नाही. शेवटी छकू म्हणते, "बाबांना दे." मग आमचं सुरू होतं. पाणी कसं आहे? ठीक. मासे खातात? खातात. फूल? उघडलंय. दाखवा बरं. मी दाखवतो. बरंय बाबा, ठेवते. एवढंच. पण तेवढ्यासाठी मी दिवसभर काच पुसत असतो. टाकी गेली तर तिच्या-माझ्यात बोलायला काही उरणार नाही, ही माझी भीती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नाही.

तर पंप. या पंपाचं काम पाणी आतल्या आत फिरवत ठेवायचं. प्रवाळ जागचं हलत नाही, त्याला खाणं आणि हवा पाण्यानंच नेऊन द्यावी लागते. पाणी साचलं की सगळी गुदमरणार. छकूनं फोनवरच सांगितलं, "नवा घेऊन टाका बाबा, पैसे मी पाठवते."

"पैसे नकोत," मी म्हणालो. मुलीनं पैसे पाठवायचे आणि मोटर दुरुस्त करणाऱ्या बापानं मोटर विकत आणायची, हे माझ्या घशाखाली उतरेना.

तरी टाक्यांच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या बाई छकूच्या ओळखीच्या. त्यांचे हात कायम कोपरापर्यंत ओले आणि चष्मा कायम डोक्यावर. त्यांनी तीन खोकी समोर मांडली.

"हा छकूनं सांगितलेला. लाटा करतो, फोनवरून वेग बदलता येतो."

"माझ्या फोनवरून धड फोन लागत नाही. किंमत काय म्हणालात?"

त्यांनी परत सांगितली. मी खोकं सावकाश खाली ठेवलं.

"मग हा स्वस्तातला. पण एकच वेग आणि धार नळीसारखी सरळ. समोर प्रवाळ आलं तर सोलूनच काढेल."

"आणि हा मधला?"

"परवडणारा आहे. धार पसरट, वेग कमीजास्त करायला बटण, दांडा सिरॅमिकचा. पंखा झिजला तर नुसता पंखा मिळतो. कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नाही, पण माझ्या घरच्या टाकीत हाच आहे."

"तासाला लिटर किती फेकतो?"

"लिटरवर जाऊ नका काका. खोक्यावर सगळेच शूर असतात."

मी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. एक चुंबक, एक पंखा, बाकी नुसतं प्लॅस्टिक. याला परवडणारा म्हणायचं? असल्या चार मोटरी मी चहा पिता पिता उघडतो. "बघतो," म्हणालो आणि बाहेर पडलो. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक 'बघतो' म्हणालं की आम्ही काय समजायचं ते समजतो. बाईही समजल्या.

घरी येऊन पंप उघडला. दुखणं किरकोळ होतं. दांडा ज्यात फिरतो तो प्लॅस्टिकचा बुश झिजून सैल झाला होता. असा पंखा दुकानात आला की मी डोळे मिटून पितळी बुश टाकतो. पंखा गिऱ्हाइकाच्या नातवंडांपर्यंत चालतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही, म्हणून दुसरे मेकॅनिक मला मूर्ख म्हणतात. माझ्या दुकानातल्या छोट्या लेथवर अस्सल पितळेचा बुश काढला. इतका इवलासा, की चिमट्यात धरून घासावा लागला. बसवला, पंप टाकीत सोडला, बटण दाबलं. काही आवाजच नाही.

"अहो, चालू झालाय का?" बायकोनं विचारलं. मला याहून मोठं बक्षीस नको होतं.

छकूला सांगितलं, बुश बदलला. ती म्हणाली, "तुम्ही केलंय म्हणजे प्रश्नच नाही." ते वाक्य मी पुढचे दोन दिवस मनात घोळवत होतो.

तिसऱ्या दिवशी एक गोगलगाय वाळूत उताणी पडलेली दिसली. मी तिला सरळ केली. जेवून येऊन बघतो तर परत उताणी, आणि शेजारी आणखी एक. असेल, म्हातारी झाली असेल, म्हटलं. पण फूलही मिटलेलं होतं. फुलं मिटतात अधूनमधून, हे मला छकूनं शिकवलं होतं; पण हे मिटणं वेगळं होतं. नाडी आवळलेल्या पिशवीसारखं ते आक्रसून बसलं होतं. मासे त्याच्यापासून लांब, वरच्या कोपऱ्यात अंग चोरून थांबलेले.

मीठ तपासलं, बरोबर. पाणी किती गरम ते बघितलं, बरोबर. पंपाचं तोंड फिरवलं, वाटलं धार लागत असेल. मग परत फिरवलं. दिवे कमी केले. दुकानात गिऱ्हाइकाचा मिक्सर उघडून बसलो आणि त्याचा स्क्रू कुठं ठेवला ते विसरलो, शेवटी दुकान अर्ध्यावर बंद करून घरी आलो. फूल तसंच. मी काचेला नाक लावून उभा, आणि बायको मागून म्हणते, "बघून का ते उघडणार आहे?"

त्या संध्याकाळी फोन आला. शेवटी "बाबांना दे" आलंच.

"फूल दाखवा की."

मी फोन असा धरला की नुसता दगड दिसावा. "काचेवर चकाकी येतेय गं."

"तिरका धरा ना."

"बॅटरी संपत आलीय," मी म्हणालो आणि फोन बायकोच्या हातात कोंबला. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी न्हाणीघरात जाऊन उगाच नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी पाण्याची बाटली भरून दुकान उघडायच्या आधीच टाकीवाल्या बाईंच्या दारात हजर झालो. त्यांनी पाणी काचेच्या नळ्यांत घालून थेंब टाकले, रंग बघितले. "सगळं बरोबर आहे हो. नवीन काय घातलंत टाकीत?"

"काही नाही."

"पंप कुठला घेतलात शेवटी?"

"घेतला नाही, जुनाच दुरुस्त केला," मी म्हणालो, आणि एवढ्या धास्तीतही माझी छाती जरा फुगली. "आत पितळी बुश टाकला. आता बघायला नको."

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "पितळी?"

"अस्सल."

"काका, पितळेत तांबं असतं."

"असतंच की. म्हणून तर..."

"खाऱ्या पाण्यात ते विरघळतं. माशांचं एक वेळ निभावतं. पण गोगलगायी, प्रवाळ, तुमचं फूल, यांना तांबं म्हणजे विष."

बाई मागच्या खोलीत जाऊन तांबं तपासायची दुसरी बाटली शोधायला लागल्या. खोकी सरकवल्याचे आवाज येत होते आणि मी मनात म्हणत होतो, न सापडो, आणि त्याच दमात, लवकर सापडो. आयुष्यभर ज्या धातूवर मी डोळे मिटून विश्वास टाकला, तोच मी माझ्या हातानं पोरीच्या टाकीत सोडला होता, तोही चकचकीत घासून.

त्यांनी थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच नळीच्या तळाशी निळसर झाक आली.

"फार नाही," बाई म्हणाल्या. "पण आहे. आत्ता घरी जा. पंप काढा, निम्मं पाणी बदला, तांबं शोषायला ही कोळशाची पिशवी पाण्यात टांगा. उद्या परत थोडं बदला. वाचेल की नाही ते मी सांगू शकत नाही."

"आणि तो मधला पंप द्या," मी म्हणालो. लिटर विचारले नाहीत, किंमत विचारली नाही. एवढंच विचारलं, "पाण्याला लागेल असा धातू नाही ना कुठं?"

"कुठंच नाही. म्हणून तर तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं, दांडा सिरॅमिकचा आहे." त्याउपर त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन आधी पंप बाहेर काढला. बुशाची चमक गेली होती, कडेला हिरवट पडलं होतं. बायको बादल्या घेऊन आली.

"छकूला सांगा."

"आधी पाणी बदलतो."

"आधी सांगा. तिला यातलं कळतं, तुम्हाला नाही."

मी तिच्या फोनवरून छकूला लावला. आजवर मी तिला स्वतःहून कधी फोन केला नव्हता, हे तिनं उचलल्यावर कळलं.

"बाबा? काय झालं? आई कुठंय?"

"आई बरी आहे. इथंच आहे." "छकू, मी तुझं फूल मारलं गं." आणि मग सगळं एका दमात सांगितलं: बुश, तांबं, गोगलगायी, चकाकी नव्हतीच हेसुद्धा.

मी फोन कानाला इतका दाबला होता की कान दुखायला लागला.

"मेलंय का?" तिनं विचारलं.

"अजून नाही वाटतं."

"मग रडताय काय? मीठ कालवलेलं पाणी तयार आहे ना? गरम करायला लावा. कॅमेरा सुरू करा, मला दिसू दे."

मी रडत नव्हतो. आवाज जरा बसला होता, इतकंच. ती सांगत गेली, मी करत गेलो. नळीनं पाणी उपसलं, बायकोनं बादल्या ओतल्या. नवं पाणी हळू सोडा, बाबा, त्याच्या अंगावर नको. कोळसा तिथं नको, जिथून पाणी वाहतं तिथं टांगा. नवा पंप समोरच्या काचेवर लावा, फुलाकडे तोंड नको, वेग सगळ्यात कमी. मी बटण फिरवलं. प्रवाळांचे कोंब एका बाजूला कलले आणि परत सरळ झाले. मेलेल्या गोगलगायी मी वाटीत काढल्या, आणि तिला मोजू दिल्या नाहीत.

सगळं झाल्यावर आम्ही तिघं टाकीकडे बघत राहिलो. फूल तसंच मिटलेलं. मग बायको ओली फरशी पुसायला फडकं आणायला गेली.

"छकू," मी म्हणालो, "वाचलं नाही तर?"

"नाही तर नाही, बाबा."

"असं कसं? तुझा त्याच्यावर जीव."

ती म्हणाली, "खरं सांगू? मी इथंच कायमचं राहायचं ठरवलं ना, तेव्हाच टाकी देऊन टाकणार होते. दुकानातल्या बाई घेणार होत्या, फुलासकट. बोलणं झालं होतं आमचं."

"मग दिली का नाहीस? इतके दिवस मी इथं काच पुसतोय!"

"दिली असती तर तुम्ही फोनवर आला असतात?"

पाण्याचा आवाज नव्हता, पंपाचा नव्हता, आणि नेमकं आत्ता काहीतरी खडखडायला हवं होतं. टाकीबद्दल विचारण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. कोळसा कधी बदलायचा, वेग कधी वाढवायचा. ते मी गिळलं.

"जेवलीस का?" मी विचारलं.

तीही दचकली असणार. "नाही अजून."

"का? काय झालं?"

"मोठी गोष्ट आहे, बाबा. ऑफिसातली."

"मग सांग की," मी म्हणालो. फोन टाकीकडे धरलेला होता तो माझ्याकडे वळवला, आणि खुर्ची ओढून बसलो.