पिंपभर गोडं पाणी

मित्रांनो, मी होडीची एक जुनी मोटर आहे. फाटकाजवळच्या लाकडी खुंटाला मला आवळून टांगलंय. अंगाला पांढरा रंग फासलाय. डोक्यावरचं झाकण काढून, वरच उलटं बसवून, त्यात माती भरलीय आणि लाल फुलांचं झाड लावलंय. पाहुणे येतात, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि म्हणतात, "किती गोड!" गोड म्हणे! अंगाचा नुसता तिळपापड होतो माझ्या.

या बेटावर मला आणलं याकोवनं. आता त्याला सगळे बार्बा याकोव म्हणतात, आमच्याकडे म्हाताऱ्यांना बार्बाच म्हणतात. तेव्हा मात्र तो काळ्याभोर मिशांचा तरणाबांड गडी होता, वल्ही मारून मारून वैतागलेला. पहिल्याच हिसक्याला मी सुरू झाले तेव्हा धक्क्यावरची माणसं टाळ्या पिटत होती. पुढं सगळी हयात आम्ही दोघांनी समुद्रावर काढली. पहाटे जाळी, दुपारी मीठ-पीठ, कधी कुणाचं लग्नाचं सामान. त्याची बायको दिंका अडली तेव्हा उत्तरेच्या पिसाट वाऱ्यात तिला पलीकडच्या किनाऱ्यावर दवाखान्यात मीच पोचवलं. तेव्हा जो जन्माला आला तो फ्राने. त्याचं नाव लक्षात ठेवा.

आम्हा मोटरींचं एक असतं. समुद्राचं पाणी आमच्या पोटातून फिरतं, त्यानं आम्ही थंड राहतो, आणि मग ते मागच्या भोकातून बारीक धारेनं बाहेर पडतं. धार दिसतेय तोवर मोटर धडधाकट. पण काम संपलं की पोटातलं खारं पाणी गोड्या पाण्यानं धुवून काढावं लागतं, नाहीतर आत मीठ बसतं. आणि आमच्या बेटावर गोडं पाणी आहे कुठं? ना नदी, ना विहीर. छपरावरून पावसाचं पाणी अंगणाखालच्या टाक्यात उतरतं, तेवढंच काय ते. टाकं आटलं की पाण्याच्या जहाजाची वाट बघायची.

तरीसुद्धा याकोव रोज मला खांद्यावर टाकून चढण चढायचा. अंगणातल्या पिंपात उभी करायचा आणि गोड्या पाण्यात चालवायचा. दिंका दारातून ओरडायची, "आली का माझी सवत? पाज, पाज तिला! मी आहेच खाऱ्या पाण्यानं केस धुवायला."

"खाऱ्या पाण्यानं तू जास्त देखणी दिसतेस."

"जळलं मेलं तुझं कौतुक!" असं म्हणायची आणि हसत आत जायची.

त्या चढणीनंच याकोवचा उजवा खांदा गेला. माझ्या ओझ्यानं गेला, हे मला कळतं हो. गेल्या उन्हाळ्यात खांद्याच्या ऑपरेशनसाठी त्याला शहरातल्या इस्पितळात ठेवलं, आणि शहरात नोकरी करणारा फ्राने बेटावर आला. घराच्या वरच्या खोल्या त्यानं पाहुण्यांना भाड्यानं दिल्या होत्या. प्रत्येक खोलीत शॉवर. पाहुण्यांना गुहा दाखवायला तो मला दिवसभर पळवायचा आणि संध्याकाळी तशीच होडीवर सोडून जायचा.

दिंका एकदा बोललीसुद्धा, "फ्राने, तिला पाणी पाज रे. तुझे बाबा एक दिवस चुकवत नसत."

"आई, अगं दिवसभर पाण्यातच तर असते ती! आणखी कसलं पाणी? इथं पाहुण्यांच्या आंघोळीला पुरत नाहीये." आणि त्यानं टाक्याच्या झाकणाला कुलूप घातलं. वर शॉवर धो धो वाहत होते. खाली माझ्या पोटात मीठ दगडासारखं होत होतं. धार बारीक होत गेली, पण मागं वळून बघायची सवय फ्रानेला नव्हतीच.

शेवटी भर समुद्रात मी तापून बंद पडले. दुसऱ्या होडीनं ओढून आणलं. पाहुणे हसले, त्याचा राग फ्रानेनं मला लाथ मारून काढला.

बार्बा परतला तो हात गळ्यात बांधून. त्यानं पाश्को मिस्त्रीला बोलावलं. पाश्कोनं मला तपासलं आणि म्हणाला, "बार्बा, हे म्हातारपण नाही, मीठ आहे. पंप बदलतो, नळ्या साफ करतो. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगेल ही."

"नवी घेऊ," फ्राने म्हणाला. "किल्ली फिरवली की सुरू. बाबा, तुमच्या खांद्यासाठीच म्हणतोय मी."

"किल्ली कुणाकडे राहणार?"

"माझ्याकडे. उगाच एकटे निघाल आणि काहीतरी होऊन बसेल."

"म्हणजे समुद्रावर जायचं ते तुला विचारून?"

"तसं नाही हो, बाबा."

"तसंच आहे."

फ्राने चिडला. "बरं, करा सुरू! पाश्कोची एक सिगारेट संपेपर्यंत चालली तर करू दुरुस्त. नाहीतर नवी."

धक्क्यावर माणसं जमली. म्हाताऱ्यानं डाव्या हातानं दोरी ओढली. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा मी धडधडले! पाश्कोनं घाईघाईनं सिगारेट पेटवली आणि भसाभसा ओढू लागला. मी ठरवलं होतं, जळून कोळसा झाले तरी बेहत्तर, बंद पडायचं नाही. अर्धी सिगारेट झाली. तेवढ्यात म्हाताऱ्यानं सवयीप्रमाणं मागं वळून बघितलं. धार नव्हती.

त्यानं बटण दाबलं.

"बघा! पडली की नाही बंद?" फ्राने म्हणाला.

"पडली नाही रे गाढवा, त्यांनी बंद केली!" पाश्को ओरडला.

बार्बा एवढंच म्हणाला, "जळाली असती ती."

नवी मोटर आली, आणि फ्रानेनं मला रंग फासून फाटकाजवळ टांगलं. पाहुण्यांचे दिवस संपले तसा फ्राने शहरात गेला, किल्ली खिशात घालून. होडी धक्क्याला बांधलेली असते. म्हातारा तिच्यात चढतो, बसतो आणि उतरतो. कुणी विचारलं, "काय बार्बा, निघालात?" तर म्हणतो, "वारा ठीक नाही." झाडाचं पानही हलत नसतं, सगळ्यांना दिसतं.

टाक्याचं कुलूप आता निघालंय. फ्रानेचा फोन येतो, "फुलांना रोज पाणी घाला हं, सुकली तर बरं दिसत नाही." मग म्हातारा रोज संध्याकाळी डाव्या हातात तांब्या घेऊन येतो आणि ओततो. मातीतून झिरपून ते पाणी माझ्या पाठीवरून खाली गळतं. तो वाकून बघत राहतो, तिथंच, जिथं धार असायची. दिंका दारात उभी असते. सवत म्हणत नाही आताशा.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी थकलं, अडलं, तर त्याला जुनं म्हणण्याआधी एकदा विचारा, तुला काय कमी पडलं? मला म्हातारपणानं नाही मारलं, तहानेनं मारलं. आता गोडं पाणी रोज मिळतं, अगदी न चुकता. फुलांसाठी.