वचनाची अदलाबदल

नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत वचनाच्या चिठ्ठ्या वाटायची सुनंदाच्या ख्रिस्ती मंडळीत जुनी रीत. पाळकसाहेबांची बायको, पाळकीणबाई, डिसेंबरभर बसून पवित्र शास्त्रातली वचनं कागदाच्या पट्ट्यांवर लिहायच्या आणि त्यांच्या गुंडाळ्या करून पितळी थाळीत घालायच्या. ज्याच्या हाती जी येईल ती त्याची, देवाने वर्षभरासाठी नेमून दिलेली. मग एकेकाने उभं राहून ती मोठ्याने वाचायची. मंडळी तशी लहानच, घाटकोपरला एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन जमायची, त्यामुळे कोणाला काय आलं हे सगळ्यांना पाठ. कोणाला धीर धरायचं वचन आलं आणि पुढे त्याची नोकरी गेली, तर लोक म्हणायचे, बघा, आधीच सांगितलं होतं.

ब्याऐंशी सालच्या एक जानेवारीला सुनंदाने चिठ्ठी उचलली, उलगडली आणि तिच्या काळजात धस्स झालं. देव आपल्या कामाला जायला माणूस शोधतोय, असं ते वचन होतं.

आता यात धस्स होण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. होतं. अठरा वर्षांची असताना हीच सुनंदा तरुणांच्या शिबिरात उभी राहून सगळ्यांसमोर बोलली होती, की मी नर्स होईन आणि कुष्ठरोग्यांची सेवा करीन. नर्स ती झाली. पुढचं राहिलं. शिकत असताना एकदा बोटं झडलेला एक हात तिच्या मनगटावर आला आणि तीन दिवस तिला अन्न गेलं नाही. मग मधुकरचं स्थळ आलं, मुलुंडला मिठागरांच्या बाजूला दोन खोल्या मिळाल्या, म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी लागली. सगळं झकास चाललं होतं. देव आपलं बोलणं विसरला असेल, असं तिने स्वतःला पटवलंही होतं. देव कसला विसरतोय!

तिच्या शेजारी तिची नणंद पद्मजा बसली होती. पद्मजाची आई गेली तेव्हा पोरगी अकरा वर्षांची, तेव्हापासून सुनंदानेच तिला वाढवलेलं. वहिनीसारखं व्हायचं म्हणून तीही नर्सिंग शिकली होती, आणि बोरिवलीच्या एका बँकेत असलेल्या चंद्रप्रकाशशी तिचं लग्न एप्रिलमध्ये ठरलं होतं. त्या क्षणी ती सुनंदाच्या लहान अनुपमाला पाणी पाजायला बाहेर गेली होती. तिची न उघडलेली गुंडाळी गीतपुस्तकावर तशीच पडली होती.

सुनंदाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आपली चिठ्ठी पुन्हा गुंडाळली आणि चिठ्ठ्या बदलल्या. दोन सेकंदांचं काम. मनात म्हणाली, हिचं तर लग्न होतंय, वाचेल आणि विसरेल. पद्मजाच्या वाट्याला आलेलं वचन घरात शांती नांदेल असं होतं. ते सुनंदाने उभं राहून स्पष्ट आवाजात वाचलं.

पद्मजा वाचायला उठली आणि अर्ध्यावरच रडू लागली. पाळकसाहेब म्हणाले, पोरीला देवाचं पाचारण झालं. मंडळीतल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मार्चमध्ये पद्मजाने लग्न मोडलं आणि विदर्भातल्या कुष्ठरोग्यांच्या एका इस्पितळात निघून गेली. मधुकर बहिणीवर महिनाभर चिडला, मग त्याला तिचा अभिमान वाटायला लागला. ज्याला त्याला सांगायचा. सुनंदाच्या तोंडाला मात्र कुलूप.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पद्मजाचं पत्र आलं की सुनंदा ते आधी मधुकरला वाचायला लावायची. पत्रात नेहमी सगळं बरं असायचं आणि त्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा. एकदा मालाडच्या बसस्टॉपवर चंद्रप्रकाश भेटला, बायको बरोबर होती. त्याने फक्त एवढंच विचारलं, पद्मजा बरी आहे ना? सुनंदा हो म्हणाली आणि आली ती भलतीच बस पकडून निघून गेली.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात पद्मजा आठ दिवसांच्या रजेवर आली. येत्या रविवारी मंडळीसमोर ती जन्मभराच्या सेवेचं वचन देणार होती आणि पाळकसाहेब तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार होते. सुनंदाला कळत होतं, की आता गप्प बसलं तर पोरीचा सगळा जन्म आपल्या चोरीवर उभा राहणार. आणि सांगितलं तर तिच्या पायाखालची जमीन जाणार. आठवडाभर तिला झोप नव्हती.

शनिवारी दुपारी दोघी सुकट निवडत बसल्या होत्या. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"पद्मा," सुनंदा म्हणाली, "ती चिठ्ठी तुझी नव्हती, माझी होती. तू अनूला पाणी पाजायला गेलीस तेव्हा मी बदलली."

पद्मजाने हातातली सुकट खाली ठेवली. मग तिने विचारलं, माझी कुठली होती? सुनंदाने सांगितलं. घरात शांती, हे ऐकून पद्मजा हसली, आणि ते हसणं काही बरं नव्हतं. मग तिने सांगितलं ते तिच्या एकाही पत्रात आलं नव्हतं. पहिलं वर्ष ती रोज रडली होती. वासाने उलट्या व्हायच्या. दोनदा ट्रंक भरली आणि दोन्ही वेळा त्या वचनासाठी रिकामी केली. चंद्रप्रकाशची चार पत्रं आली होती, एकालाही तिने उत्तर दिलं नाही.

"मला वाटायचं देवाने पाठवलंय," पद्मजा म्हणाली. "पाठवलं होतंस तू."

सुनंदा रडायला लागली. म्हणाली, उद्या मी सगळ्यांसमोर उभी राहून कबूल करते, मग मंडळी मला काय म्हणायचं ते म्हणो.

"काही बोलू नकोस. बोललीस की तुला मोकळं वाटेल."

एवढं बोलून पद्मजा उठली. रात्री ती जेवली नाही. डोकं दुखतंय, असं तिने भावाला सांगितलं.

रविवारी हॉल भरला होता. पद्मजा पुढे गेली तेव्हा सुनंदाची खात्री झाली. ही आता नाही म्हणणार, आणि का ते सांगणार. सांगावंच, असंही तिला वाटत होतं.

"मी तिथे का गेले ते आज मला नीट सांगता येत नाही," पद्मजा म्हणाली. "परत का जातेय ते सांगते. तिथे जानकी नावाची म्हातारी आहे. तिच्या पायाला जखम आहे. दुसरं कोणी पट्टी सोडायला गेलं की पाय ओढून घेते. मी आठ दिवस इथे आहे, म्हणजे आठ दिवस ती जखम तशीच असणार. म्हणून जाते."

चिठ्ठीचं नाव नाही, वहिनीचं नाव नाही. पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उपासना संपल्यावर बायकांनी सुनंदाला गराडा घातला. आई नसलेल्या पोरीला काय वळण लावलंस गं, म्हणाल्या. पाळकीणबाईंनी तर तिचे दोन्ही हात धरले. यापेक्षा चारचौघांत थोबाडीत बसली असती तर बरं, असं सुनंदाला झालं. ती एकेकीला निरोपाचा सलाम करत कशीबशी बाहेर पडली.

सोमवारी पद्मजा ट्रंक भरत होती. दोन दिवसांत ती सुनंदाशी कामापुरतं बोलली होती. कपड्यांच्या घड्या करता करता, मान वर न करता म्हणाली, मी रागावलेय आणि अजून बरेच दिवस रागावणार आहे. सुनंदा म्हणाली, रागाव बाई, तुझा हक्क आहे.

"डिसेंबरात आमच्याकडच्या दोघी नर्स बाळंतपणाला जातायत. पट्ट्या बांधायला माणूस नाही. रजा काढून ये."

सुनंदाच्या डोळ्यांपुढे तो मनगटावरचा हात आला. मला अजून भीती वाटते, ती म्हणाली. आणि देवाच्या मनात तरी आहे का, मी आता कोणत्या तोंडाने जाऊ?

"देवाच्या मनातलं मला विचारू नकोस," पद्मजा म्हणाली. "मी बोलावतेय."

शिबिरातल्या त्या दिवसाला एकवीस वर्षं झाली होती. सुनंदाला वाटलं, नाही म्हणावं, मुलांच्या शाळेचं कारण सांगावं, मधुकरच्या जेवणाचं सांगावं. कारणं तिच्याकडे काही कमी नव्हती.

"येते," ती म्हणाली. भीती काही गेली नाही.