हातातली थरथर

"बेन, बोर्ड छे, साबू नथी," इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा दुकानदार हसला.

उज्ज्वलाने तो चौकोनी बोर्ड तरीही गालावरून फिरवलाच. कोपरा टोचला. दुसऱ्या बोर्डच्या पिना बाभळीच्या काट्यांसारख्या.

"हाथ पे बांधने का है, भाई. उसी हाथ पे बच्ची सोती है."

मग त्याने गोल बोर्ड काढला. गुळगुळीत, कडेला सुई जाईल अशी भोकं, बिनतारी सोय आतच. साड्यांवर आरसे टाकण्यात हात बसलेल्या बाईला आणखी काय हवं? तिने दोन घेतले, एक लेकीच्या झोळीला, रडणं टिपायला, एक मनगटाच्या पट्ट्याला, थरथरायला. लग्नाआधी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सचं शिकलेलं आता कामी येणार होतं.

कापडाच्या लूमच्या खडखडाटाने नवऱ्याचे, लखनचे कान नेले, मग कामही गेलं. परवा लेक झोळीत गुरफटून रडून रडून निळी पडली आणि हा तिच्याकडे पाठ करून जेवत बसलेला. नळावरून उज्ज्वला आली म्हणून निभावलं. सोमवारपासून तिला कारखान्यात जायचं होतं. गावाहून तिची आई, कलाबाई, फोनवर म्हणाली होती, "पोर माले दी टाक. आठे ऱ्हाई ती."

उज्ज्वलाला पोर गावी द्यायची नव्हती.

जुन्या मऊ लुगड्याचा पट्टा शिवून तिने लखनच्या मनगटाला बांधला. लेक रडली, पट्टा थरथरला, लखन उठला. उज्ज्वला हसली. किती दिवसांनी.

थोड्या वेळाने तो पुन्हा उठला. लेक गाढ झोपलेली. बसला, परत उठला.

"वाजनं ना," तो पट्ट्याकडे बोट दाखवत म्हणाला.

कुठे तारेच्या दोऱ्याचा टाका टाक्याला लागला असेल, म्हणून तिने पट्ट्यातला सेल काढला आणि त्याच्यापुढे धरला. ओठ सावकाश हलवत विचारलं, "आते?"

लखनने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. नाडी बघावी तसे डोळे मिटले.

"आते बी वाजी ऱ्हायनं." मग खालच्या मानेने, "लूम सुटनं, पन हातमातून जात नही. झोपमा बी वाजस. खरं कोनतं, माले समजत नही."

उज्ज्वलाने सेल मुठीत मिटला. मग उठून तिने दोरीवरची लेकीची झबली काढली आणि एकेक घडी घालून पिशवीत ठेवू लागली.

लखनने पिशवीकडे पाहिलं. पट्टा न सोडता झोळीशी सरकला आणि झोपलेल्या लेकीच्या ओठांकडे टक लावून बसला.